नफा आला कुठून?

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. सामाजिक दायित्वाच्या पानांवर शाळेला दिलेले बाक, आरोग्य शिबिरे आणि वृक्षारोपण यांचे फोटो दिसतील. ही कामे चांगलीच आहेत. पण ती पाहून एक समज घट्ट होतो, की उद्योगाची जबाबदारी नफा हातात पडल्यानंतर सुरू होते. या विचाराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. त्याची सुरुवात नफ्याच्या वाटपापासून झाली नाही. नफा मिळवताना माणसाला कसे वागवले जाते, या प्रश्नापासून झाली, आणि तो प्रश्न मालकांच्या बैठकीत नव्हे, कामगारांच्या सभेत विचारला गेला.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतले हे कार्यकर्ते. सभेतल्या मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा अस्वस्थ करतो. आठवड्यातून एक सुटी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, पगार ठरलेल्या मुदतीत हवा, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचा जायबंदी झाला तर निर्वाहाची सोय व्हावी. साप्ताहिक सुटी मान्य व्हायला १८९० साल उजाडले. अपघाताच्या भरपाईला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

त्याच काळात नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल चालू होती. १८७७ मध्ये सुरू झालेल्या या गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना आली. यामागे कळवळा होता, तशीच व्यवस्थापनाची दृष्टीही होती. कामगारांची गैरहजेरी ही त्या गिरणीची मोठी अडचण होती. माणूस टिकला तर कसब टिकते आणि कसब टिकले तर कापड चांगले निघते, हे तिथल्या व्यवस्थापनाने ओळखले. कामगारांचे भले आणि धंद्याचे भले एकाच हिशेबात मांडता येते, याचा हा आपल्याकडचा अगदी सुरुवातीचा दाखला.

तरीही एका गिरणीतली सोय शेजारच्या गिरणीतल्या कामगाराच्या उपयोगाची नव्हती. अपघाताची भरपाई साऱ्यांसाठी कायद्याने आली ती १९२३ साली. म्हणजे १८८४ ची मागणी, १८९५ चा अपवाद आणि १९२३ चा नियम. कामाच्या तासांचेही तेच झाले. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये लागू झाला. देशातल्या बारमाही कारखान्यांना अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा मिळाला तो १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना मांडलेल्या विधेयकामुळे. दूरदृष्टीच्या मालकाने ही गोष्ट शक्य असल्याचे दाखवले आणि कायद्याने ती सर्वांची केली. पण तिची गरज सगळ्यांत आधी बोलून दाखवली ती सोसणाऱ्याने.

पुढे या कल्पनेला सिद्धांताचे रूप आले. गांधीजींनी विश्वस्त वृत्ती मांडली. संपत्ती मालकाची नसून समाजाची ठेव आहे, असे ते सांगत. ही अपेक्षा उदात्त होती, पण ठेव नीट सांभाळली जाते की नाही हे कोण पाहणार, हा प्रश्न मागे उरत होता. विश्वस्त वृत्तीच्या पुढच्या मसुद्यात कायद्याच्या नियंत्रणाला जागा ठेवली गेली, ती उगीच नव्हे. अमेरिकेत हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ मध्ये उद्योजकांच्या सामाजिक जबाबदारीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९७० मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी त्याच्या नेमके उलट मत मांडले. नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, असे त्यांचे म्हणणे. पुढची काही दशके जगभरच्या व्यवस्थापन शिक्षणावर त्याची छाप राहिली.

त्या विचाराची मर्यादा भोपाळने दाखवली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. सुरक्षेवरचा खर्च वाचवण्याचे निर्णय कागदावर काटकसर म्हणून शोभले असतील, त्यांची किंमत मात्र झोपेतल्या वस्त्यांनी मोजली. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक झाले. संकटाची शंका आली तर व्यवस्थापनाला सावध करण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कारखान्याचे कुंपण ही जबाबदारीची हद्द नाही, हे कायद्याने मान्य केले.

त्याच सुमारास ‘शाश्वत विकास’ ही संकल्पना ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालामुळे जगभर पोहोचली. १९९६ मध्ये आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचे मानक आले. नियोजन, अंमलबजावणी, तपासणी आणि सुधारणा हे गुणवत्तेसाठी रुळलेले चक्र आता सांडपाणी आणि धुराड्यांनाही लागू झाले. जबाबदारी मालकाच्या स्वभावावर न सोडता रोजच्या कामकाजात बसवण्याची ही रीत मोलाची आहे. तिचा धोका इतकाच, की प्रमाणपत्र पद्धत असल्याची ग्वाही देते, नदी स्वच्छ असल्याची नाही.

भारताने २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठे पाऊल उचलले. ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे त्याचे कलम १३५ सांगते. मात्र नियमांनुसार कंपनीचे नेहमीचे व्यावसायिक काम आणि फक्त तिच्याच कर्मचाऱ्यांच्या भल्याचा खर्च यात मोजता येत नाही. धर्मादायाच्या नावाखाली स्वतःचीच सोय पाहू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण परिणाम असा झाला, की समाजाच्या नजरेत ‘जबाबदारी’ त्या दोन टक्क्यांपुरती उरली आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दल विचारणे कमी झाले.

आपल्या महाराष्ट्रात हे प्रश्न किती जिव्हारी लागतात, ते ऊसतोडीत दिसते. बीड जिल्ह्यातली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन हंगामभर फडावर राबतात. दोघांची मिळून हिशेबात गणती होते एक ‘कोयता’ म्हणून. खाडा झाला की दंड बसतो. अशा कामात दुखणे परवडत नाही, बाईचे तर मुळीच नाही. ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ साली राज्यासमोर आले. त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर मात्र शीतपेये आणि बिस्किटे बनवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामात जाते. लोखंडे ज्या मागण्या मांडत होते, त्याच आज या बायकांच्या आहेत: सुटी, विश्रांती, दुखापतीत आधार.

म्हणून या विचाराचा पुढचा टप्पा पुरवठा साखळीचा आहे. त्यासाठी साधने नाहीत असेही नाही. संचालकांनी समभागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहिले पाहिजे, असे २०१३ च्याच कंपनी कायद्याचे कलम १६६ म्हणते. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कायम आणि कंत्राटी कामगारांची वेगळी माहिती द्यावी लागते. आता हा हिशेब मुकादमापर्यंत आणि फडापर्यंत पोहोचायला हवा. तो दाखवणे मोठ्या खरेदीदारांवर बंधनकारक हवे, आणि ज्यांच्या श्रमावर तो उभा आहे त्यांना तो तपासता यायला हवा. आठवड्याची सुटीसुद्धा एकेकाळी धंद्याला न परवडणारी मागणी होती. आज तिच्याविना धंद्याची कल्पनाही कुणी करत नाही. ऊसतोड करणाऱ्या बाईची नोंद, तिची सुटी आणि तिची भरपाई याही धंद्याला परवडतील. फक्त त्यासाठी पुन्हा चाळीस वर्षे वाट पाहायला लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.