काचेला न दिसलेले

हातोहाती मोबाइल असताना काही छायाचित्रकार पुन्हा ओल्या काचेकडे वळले आहेत. काचेवर किंवा काळ्या पत्र्यावर कलोडियन ओतायचे, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती बुडवायची आणि ओली असतानाच, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुऊन टाकायचा. समोरच्याने काही सेकंद निश्चल बसायचे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ मध्ये ही रीत जाहीर केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. आज तिच्याविषयी एक वाक्य हटकून ऐकू येते : इथे माणूस खरा उमटतो, लबाडीला जागा नाही.

लबाडीला नसेल. पण कलोडियनला निळा-जांभळा प्रकाश कळतो, तांबडा जवळपास कळतच नाही. म्हणून निळे डोळे पांढुरके दिसतात आणि सावळी त्वचा असते त्याहून काळी. न्यूझीलंडच्या माओरींच्या बाबतीत तर चेहऱ्यावरचा 'मोको'च नाहीसा झाला. मोको ही नुसती नक्षी नव्हे; माणसाचे कूळ आणि मान त्या रेषांत असतो. त्यांची निळसर-हिरवी छटा आणि तपकिरी त्वचा यांतला फरक काचेला कळेना. मग काही छायाचित्रकार त्या रेषा फोटोत हाताने गिरवू लागले.

यातले खरे कोणते? रेषा गिळून टाकणारी काच, की त्या परत आणणारा परका हात? खोटे बोलायला बोलणारा लागतो, आणि काच तर गप्प होती. मला वाटते, दोष काचेचा नाही. ज्या साक्षीदाराला रंग कळत नाहीत, त्याला रंगाविषयीच साक्षीला उभे करणाऱ्याचा आहे. गिरवणाऱ्याची चूकही गिरवण्यात नाही. ज्याचा चेहरा, त्याला विचारले होते का, एवढाच प्रश्न आहे. आणि तो यंत्राला जितका लागू, तितकाच हाताला.

न्यूझीलंडमधल्याच मायकल ब्रॅडली या छायाचित्रकाराने 'पुआकी' या प्रकल्पात मोको असलेल्या आजच्या माओरींचे फोटो मुद्दाम ओल्या काचेवर काढले. मोको पुन्हा नाहीसा झाला. त्याने शेजारी त्याच व्यक्तीचा डिजिटल फोटो लावला आणि तिचे बोलणेही ध्वनिचित्रमुद्रित केले. काचेचे आंधळेपण त्याने दुरुस्त केले नाही, उघड केले. शिवाय ज्याचा चेहरा, त्याच्या हाती बोलणे दिले. मला यातले हे दुसरे जास्त मोलाचे वाटते.

आपल्याकडेही हिरव्या गोंदणाची कपाळे आणि हात कमी नव्हते. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. फोटो ओल्या काचेच्या काळातले, आणि सोबत त्या त्या जातिजमातीच्या स्वभावाचे शेरे, जणू काचेने तेही टिपले होते. त्यातल्या एखाद्या बाईचे कपाळ मी भिंगाखाली धरतो. कोरे दिसते. गोंदण नसेलही. 'नव्हते' असे मात्र मी लिहीत नाही. तिला विचारायची सोय तेव्हा होती. तिचे साधे नावही कुणी टिपून ठेवलेले नाही.