विम्याचा दावा आणि कुंभाराचं गाढव

१९०२ च्या सुमारास मुंबईत वकिलीचा जम बसवू पाहणाऱ्या गांधीजींकडे एक अमेरिकन विमा एजंट आला. चेहरा प्रसन्न, जीभ गोड. आमच्याकडे विमा उतरवणं हे जवळजवळ धर्मकर्तव्य मानतात, असं त्याने सांगितलं, आणि गांधीजींनी दहा हजार रुपयांची पॉलिसी घेतली. पत्नीचे बहुतेक दागिने आपण घालवून बसलो आहोत, उद्या आपलं बरंवाईट झालं तर सगळा भार थोरल्या भावावर पडेल, हा विचार त्यामागे होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत थिऑसॉफिस्ट मित्रांबरोबर गीतेचं वाचन सुरू झालं, अपरिग्रहाचा विचार मनात मुरला आणि पॉलिसी खटकू लागली. ज्याने बायकोमुलं निर्माण केली तो त्यांना सांभाळायला समर्थ आहे, या खात्रीने त्यांनी मुंबईला आपले स्नेही रेवाशंकरभाई यांना कळवलं: पॉलिसी बंद पडू द्या, मिळेल तेवढं घ्या, नाहीतर भरलेले हप्ते बुडाले समजा. ही हकीकत त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवली आहे.

यातली गंमत पुढची आहे. १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आलं. दिव्याच्या ज्योतीभोवती धरलेल्या दोन हातांखाली त्याने ‘योगक्षेमं वहाम्यहम्’, म्हणजे योगक्षेम मी वाहतो, असं जे ब्रीद छापलं, तो गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकाचा शेवटचा चरण. ज्या ग्रंथामुळे गांधीजींनी विमा सोडला, त्याच ग्रंथातलं आश्वासन विमा विकणाऱ्यांनी उचललं. फरक इतकाच, की गीतेत ते भगवंताने अनन्य भक्ताला दिलं आहे आणि इथे सरकारी महामंडळाने हप्ते वेळेवर भरणाऱ्याला.

मग भरपाई मागणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं का? दुकान जळालं, गाडी वाहून गेली, घरातला कर्ता माणूस गेला, आणि तेराव्यापर्यंतही न थांबता कुणीतरी कागदपत्रांची पिशवी काढतं. त्या पिशवीकडे बघून नाक मुरडणारा एखादा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ज्याची किंमत होत नाही त्याचा आकडा लिहून द्यायचा, हे विचित्र आहेच.

पण मागणी सोडून देण्याचं मोठेपण कुणाचं, हेही तपासायला हवं. तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, हे महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक असतं. परंपरा आणखी एक तपशील सांगते आणि तो सहसा विसरला जातो: खतांचे आधी दोन वाटे झाले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना देऊन झाल्यावर तुकोबांनी फक्त आपला वाटा बुडवला. भावाच्या हक्कावर त्यांनी आपलं वैराग्य लादलं नाही. या मापाने पाहिलं तर गांधीजींचा निर्णय तितका सरळ वाटत नाही. ती रक्कम कधी मिळालीच असती तर कस्तुरबांना आणि मुलांना मिळाली असती. सोडली मात्र दुसऱ्याने. आयुर्विम्याचा दावा करणारा माणूस बहुधा स्वतःसाठी लोभ धरून बसलेला नसतो. ज्याने हप्ते भरले तो तर गेलेलाच असतो.

आता दावा नेमकं काय विचारतो ते पाहू. ‘ओ माय गॉड’ या २०१२ च्या चित्रपटातल्या कानजीभाईंचं दुकान भूकंपात पडतं, ही देवाची करणी म्हणून कंपनी पैसे नाकारते आणि ते देवालाच कोर्टात खेचतात. सिनेमा झकास, पण आपल्याकडच्या आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत आग, वीज, वादळ, पूर, दरड अशी संकटं नावानिशी दिलेली असतात. भूकंपासाठी बरीच वर्षं जादा हप्ता भरावा लागे. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घरांच्या पॉलिसीत तो मूळ संरक्षणातच आहे. थोडक्यात, कानजीभाईंचं भांडण देवाशी नसून न भरलेल्या जादा हप्त्याशी असायला हवं होतं. देवाची करणी ही सबब चालते ती वेगळ्या ठिकाणी: १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ९३ व्या कलमात, मालाच्या नुकसानीची जबाबदारी रेल्वेवर कधी येत नाही त्या यादीत.

विमा विचारतो, नुकसान कशाने झालं. माझ्याच वाट्याला का आलं, हा प्रश्न त्या कागदावर नसतो. हे दोन प्रश्न वेगळे करायला आपल्याकडच्या नैयायिकांना विमा कंपन्यांची वाट पाहावी लागली नाही. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’पर्यंत या मंडळींनी मडक्याचा दाखला घासून गुळगुळीत केला. मडक्याला कुंभार हवा, चाक हवं, दांडा हवा. माती वाहून आणणारं गाढवही तिथे होतं. पण ते नसतं तरी मडकं झालं असतं, म्हणून त्याची कारणांत गणना नाही. आणि ईश्वर, काल, अदृष्ट? ती साधारण कारणं, म्हणजे प्रत्येक कार्यामागे सारखीच हजर. अदृष्ट म्हणजे आपल्या पापपुण्याचा साठा. तो नाकारलेला नाही. पण जे सगळ्यालाच कारण आहे त्याने हे मडकं आणि ते कापड यांतला भेद सांगता येत नाही.

हा विचार मला फार कामाचा वाटतो. देव सगळ्यामागे असेल, तर त्याच्या नावावर कुणालाही अंग काढून घेता येत नाही. कंपनीला नाही, कंत्राटदाराला नाही आणि उपदेशकालाही नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. त्यांच्याइतकेच अस्पृश्यतेच्या विरोधात असलेले रवींद्रनाथ अस्वस्थ झाले. भौतिक उत्पाताची कारणं भौतिकच असतात, असा निषेध त्यांनी लिहून पाठवला. गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला, आपलं मत मात्र बदललं नाही.

तरी कारण जवळचं धरायचं म्हटलं, की गाढव कोणतं हे ठरवताना भलेभले दमतात. जानेवारी १९१५ मध्ये ‘इकारिया’ या जहाजाला जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ते कसंबसं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात पोचलं. वादळ आलं, धक्क्यापाशी बुडून वाट अडवेल म्हणून त्याला बाहेरच्या बाजूला हलवलं, आणि तिथे ओहोटीला तळाला टेकत टेकत ते दोन-तीन दिवसांत बुडालं. पॉलिसीत समुद्राचे धोके होते, युद्धाचे नव्हते. १९१८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की बुडण्याचं खरं कारण टॉर्पेडोच. वादळ डोळ्यांसमोर होतं, पण ते गाढव ठरलं आणि मालकांचा दावा फेटाळला गेला.

आपल्याकडे गोष्ट कारणावर कमी आणि प्रमाणावर, म्हणजे पुराव्यावर, जास्त अडते. २०२० च्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी झाली. सोयाबीन पाण्यात गेलं. महसूल आणि कृषी खात्याने पंचनामे केले. पीक विम्याचा तेव्हाचा नियम असा, की नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांत द्यायची. गावात वीज गेलेली, रस्ते तुटलेले, शेतात गुडघाभर पाणी, अशा वेळी मोबाइलवर ॲप उघडणार कोण? सूचना आली नाही म्हणून हजारो-लाखो शेतकरी भरपाईबाहेर राहिले. पाऊस साऱ्या जिल्ह्याने पाहिला होता, सरकारी कागदावर उतरला होता, तरी कंपनीच्या लेखी तो पडलेला नव्हता. प्रत्यक्ष प्रमाण असताना शब्दप्रमाणाचा आग्रह, असं एखादा पंडित म्हणाला असता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं आणि २०२२ मध्ये सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला.

‘सगळं देवाच्या हाती’ असं म्हणत त्या शेतकऱ्यांनी कोर्टाची पायरीही चढली. यात विसंगती शोधणाऱ्याने खेड्यातला धर्म नीट पाहिलेला नाही. पावसाबद्दल ते देवाला बोलले, पैशांबद्दल कंपनीला.

कंपनीबरोबरच्या या दुसऱ्या हिशेबाचं रूप आता आणखी पालटलं आहे. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने शेतकऱ्याला एका रुपयात मिळणारा पीक विमा बंद केला, आणि एकेका शेताच्या स्थानिक नुकसानीची भरपाईही त्याबरोबर गेली. उरली ती पीक कापणी प्रयोगांवरची. महसूल मंडळातल्या काही शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापतात, तोलतात. शेत कुणाचं, हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाशी ताडतात, आणि हा उंबरठा गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांवरून काढलेला असतो. सरासरी त्याच्या खाली आली तर मंडळातल्या त्या पिकाच्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, वर राहिली तर कुणालाच नाही. ओढ्याकाठचं एकच शेत खरवडून गेलं आणि माळावरचं सोयाबीन तरलं, तर ७२ तासांत कळवा असं त्या शेतकऱ्याला आता कुणी म्हणत नाही, कारण त्याच्या एकट्याच्या नुकसानीला या विम्यात जागाच नाही.