पहिली मजुरी आणि सम्यक आजीव

२०१७ च्या वर्षावासात यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्याच्या विहारात मी अष्टांगिक मार्गावर बोलत होतो. विषय होता सम्यक आजीव. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत, हे अंगुत्तर निकायात तथागतांनी सांगितले आहे. ते मी ओळीने सांगितले : शस्त्रांचा व्यापार, जिवांचा व्यापार, मांसाचा व्यापार, मद्याचा व्यापार आणि विषाचा व्यापार. प्रवचन संपले, लोक पांगले. एक मुलगा मात्र दाराशी रेंगाळत होता. वय सोळा, नुकताच दहावी झालेला.

तो म्हणाला, "सर, मले कृषी केंद्रात काम भेटून राह्यलं. फवारनीच्या औषधाचं दुकान हाय. ते विषाच्या व्यापारात येते काय?"

मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "येते. धम्माच्या माणसाने तिथे जाऊ नये."

मुलगा गुणी होता. त्याने माझे ऐकले आणि ते काम सोडले. पण घरात पैशाची निकड होती, ती माझ्या प्रवचनाने मिटली नव्हती. निंदणापेक्षा फवारणीला मजुरी जास्त मिळते, म्हणून त्याने पाठीवर पंप घेतला आणि लोकांच्या पऱ्हाटीत फवारणीला जाऊ लागला. सप्टेंबरात एका संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधुक झाले, तोंडातून लाळ गळू लागली. रुग्णालयात न्यावे लागले. तो वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं ना सर, दुकानात जाऊ नोको म्हनून." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य आजही मला सोडत नाही.

धम्मबांधवांनो, त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. कारणे पुढे आली ती अशी. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा सरळ तोंडावर येत होता. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारली जात होती. हवा दमट होती, अंगावर मोजे-मुखवटा नव्हता, घामाने भिजलेल्या कातडीतून विष आत जात होते. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे जे विकर निकामी करून किड्याला मारतात, तेच विकर माणसाच्या मज्जासंस्थेतही असते. किडा आणि मजूर यांत ते विष भेद करत नाही.

आता प्रश्न असा की, मी त्या मुलाला दिलेले उत्तर धम्माला धरून होते काय? शब्दाला धरून ते होते. विष विकणे वर्ज्य, दुकानात विष विकतात, म्हणून दुकान वर्ज्य. तर्कात चूक नाही. पण त्या तर्काने एका मुलाला विष विकण्यापासून वाचवले आणि विष श्वासात घेण्याकडे ढकलले. ज्या शीलाचे फळ असे निघते, ते शील आपल्याला समजले आहे काय, हे तपासले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम हुकूम देतो, तो विचार करू देत नाही. तत्त्व दिशा देते आणि निर्णयाची जबाबदारी माणसावर टाकते. अहिंसा हे तथागतांनी तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे, असे बाबासाहेब तिथे दाखवून देतात. सम्यक आजीवालाही हेच लागू आहे. मी त्या मुलाला नियम दिला. तत्त्व समजावून देण्याचे कष्ट घेतले नाहीत.

तत्त्व काय आहे? दुसऱ्याच्या नाशावर आपली भाकरी भाजू नये, हे तत्त्व. ते कोणाला उद्देशून सांगितले आहे, हेही पाहा. मूळ शब्द 'वणिज्जा' असा आहे, म्हणजे व्यापार. ज्याच्याजवळ भांडवल आहे, कोणता माल ठेवावा हे जो ठरवू शकतो, नफा ज्याच्या गल्ल्यात जातो, त्याला हा उपदेश आहे. मजुराजवळ भांडवल नसते, विकायला फक्त स्वतःचे अंग असते. व्यापाऱ्याला दहा मालांतून निवड करता येते. सोळा वर्षांच्या त्या पोराला दोनच दारे उघडी होती, आणि दोन्ही दारांत तेच विष होते.

कोणी म्हणेल, ही तर पळवाट झाली. गरिबीचे निमित्त सांगून माणूस उद्या दारूच्या गुत्त्यावरही बसेल. या आक्षेपात तथ्य आहे. आपल्याच इतिहासात त्याचा पुरावा आहे. मेलेली ढोरे ओढणे सोडले तर कातडी-शिंगांचे उत्पन्न बुडेल, असा हिशोब आपल्या लोकांना ऐकवला जात असे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या हिशोबाचा समाचार घेतला. माणुसकी विकून मिळणारा पैसा त्यांना मान्य नव्हता. आपल्या आज्या-आजोबांनी ते काम सोडले, उपास काढले, पण परत त्या कामाला हात लावला नाही. तेव्हा गरीब माणसालाही 'नाही' म्हणता येते, हे आपल्या समाजाने करून दाखवले आहे.

पण तो 'नाही' आणि माझा 'नाही' यांत अंतर आहे. बाबासाहेबांनी एकट्या पोराला एकट्याने काम सोडायला सांगितले नाही, सगळ्या समाजाने मिळून सोडायचे होते. शिवाय काम सोडा म्हणताना त्यांनी दुसरे दारही उभे केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय. एका हाताने त्यांनी जुने काम काढून घेतले, दुसऱ्या हाताने पुस्तक दिले. मी त्या मुलाला एक दार बंद करून दाखवले आणि पंचशील म्हणून घरी आलो.

पहिल्या नोकरीच्या दारात आपल्या प्रत्येक पिढीला असा पेच पडलेला आहे. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळायला १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. तोवर अर्जावरच्या धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायचे की जुनी ओळख लिहून नोकरी घ्यायची, हा प्रश्न कित्येक अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी कुणाला न विचारता एकट्याने सोडवला. ज्याने 'बौद्ध' लिहिले त्याला आपण वंदन केले, ज्याने लिहिले नाही त्याला नावे ठेवली. पण त्याच्या घरची चूल पाहायला किती जण गेले?

म्हणून मला वाटते, सम्यक आजीवाचा भार प्रत्येकाच्या खांद्यावर सारखा नसतो. ज्याच्याजवळ निवडीचे स्वातंत्र्य जास्त, त्याच्यावर भार जास्त. विष तयार करणारा, ते विकून गब्बर होणारा, परवाना देणारा, मोजे-मुखवटा न देता पोराच्या पाठीवर पंप चढवणारा, या सर्वांचा क्रम त्या पोराच्या आधी लागतो. सिगालोवाद सुत्तात धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. त्यांतले पहिलेच पाहा. शक्तीप्रमाणे काम. सोळा वर्षांच्या शरीराची शक्ती विषाचा पंप वाहण्याची नाही. आपल्या देशाच्या कायद्यानेही २०१६ च्या दुरुस्तीत चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या उद्योगांत लावण्यास मनाई केली. तथागतांनी ते अडीच हजार वर्षांपूर्वी धन्याच्या विवेकावर सोपवले होते.

आणि राज्याचे काय? कूटदन्त सुत्तातला पुरोहित राजाला सांगतो की, नुसत्या शिक्षेने चोर संपत नाहीत. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, सेवकाला अन्न-वेतन दे. म्हणजे लोकांची उपजीविका शुद्ध राहावी असे वाटत असेल, तर उपजीविका मिळेल अशी व्यवस्था आधी करावी लागते.

मग मुलाला काहीच जबाबदारी नाही काय? आहे. ती त्याच्या स्वातंत्र्याएवढी आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. आज तो मुलगा मला पुन्हा भेटला तर मी त्याला सांगेन : दुकानात जा, पण डोळे उघडे ठेवून जा. डब्यावर त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. गावातल्या निम्म्या लोकांना तो त्रिकोण वाचता येत नाही, तुला येतो. घेणाऱ्याला सांग, दोन औषधे मिसळू नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, जेवणाआधी साबणाने हात धुवा. मालक खोटे बोलून माल खपवायला सांगेल तेव्हा खोटे बोलू नको. तेवढ्यासाठी काम गेले तर विहारात ये, आम्ही पाठीशी आहोत. आणि पुढचे शिक्षण सोडू नको, कारण हे दुकान तुझा मुक्काम नव्हे.

यातले शेवटून दुसरे वाक्य सर्वांत अवघड आहे. ते खरे ठरवायचे तर प्रत्येक विहारात दहावी-बारावी झालेल्या मुलांची वही असली पाहिजे. कोणाला काय काम हवे, कोणाच्या ओळखीने कुठे जागा आहे, कोणाची फी अडली आहे, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. पौर्णिमेला आपण खीरदान करतो, ते चांगलेच आहे. त्याच दिवशी ही वही उघडून वाचली तर ते दान आणखी पुढे जाईल.

मी त्या विहारात पुन्हा गेलो. या वेळी पाच व्यापार सांगण्याआधी विचारले, "या वर्षी पहिल्यांदा कामाला कोण कोण जाणार आहे?" सात हात वर झाले. प्रवचन त्यानंतर सुरू केले.