रस्त्यावरील कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, निर्गम २१:२८, २९, अनुवाद १९:१-१०, लूक १०:२५-३७



मोशेच्या नियमशास्त्रांत घर बांधणाऱ्याला एक लहानशी आज्ञा दिलेली आहे. धाब्याच्या कडेला कठडा घालणें हें घरधन्याचें कर्तव्य होय. तो न घातल्यामुळें कोणी खालीं पडून मेला, तर त्या मृत्यूचा जाब घरधन्याला द्यावा लागेल, असा तिचा भावार्थ आहे. आपल्या पालघर-डहाणूकडील जुनीं घरें कौलारू व उतरत्या छपराचीं. त्यांवर कोणी बसत नाहीं कीं निजत नाहीं. म्हणून हें वचन वाचतांना ही आज्ञा आपल्यासाठीं नव्हे असें आपणांपैकीं पुष्कळांना वाटतें.

परंतु आज्ञेचा प्राण छपरांत नाहीं. देव घरधन्याला म्हणतो कीं, जी वस्तु तुझी आहे आणि जिच्यामुळें दुसऱ्याचा जीव जाऊं शकतो, तिच्यावरील बंदोबस्त तूं अगोदर कर. मनुष्य पडल्यावर नव्हे, पडण्यापूर्वीं. पडणारा बेसावध होता, ही सबब घरधन्याला मोकळा करीत नाहीं. तो बेसावध असेल हें धरूनच कठडा घालावयाचा असतो.

आज आपल्या लोकांना भय धाब्याचें नाहीं, रस्त्याचें आहे. सकाळीं पालघरहून बोईसरकडे जाणारा रस्ता पाहा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटते ती वेळ पाहा. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे महामार्गाला मिळणारी वाट पाहा. टँकर, मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा व मोटारी यांची रांग लागलेली असते, आणि तिच्या कडेनें दांड्याला डबा अडकवून एक मनुष्य सायकलीवरून जात असतो. पावसाळ्यांत डांबराची कड तुटते, खड्ड्यांत पाणी भरतें, त्यांची खोली दिसत नाहीं. मग तो कड सोडून हातभर आंत येतो. मागचा मोटारवाला कर्णा वाजवून त्याला शिवी देतो. हा आंत कां आला, याचा विचार तो करीत नाहीं. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं वाढवण बंदराची पायाभरणी पालघर येथें झाली. हीं कामें जसजशीं वाढतील, तसतशीं अवजड वाहनेंही वाढतील. सायकलवाल्याची वाट मात्र तेवढीच राहील.

ही गोष्ट लहान नाहीं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ४,८३६ सायकलस्वार आणि ३२,८२५ पायीं चालणारे होते. एकट्या महाराष्ट्रांत १५,२२४ मृत्यु झाले. देशांतील मृत्यूंपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक अतिवेगाच्या सदराखालीं नोंदलेले आहेत.

वेग म्हणजे काय, हें आपण आपल्या परीनें समजून घेऊं. वेग दुप्पट झाला म्हणजे धडकेचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं ३० किलोमीटर वेगाची धडक म्हणजे सुमारें साडेअकरा फुटांवरून पडण्यासारखी. ताशीं ६० किलोमीटरची धडक म्हणजे सुमारें ४६ फुटांवरून पडण्यासारखी. ताडावर चढणारे आपले बंधु या दोन उंचींमधील भेद चांगला जाणतात. पहिल्या पडण्यांतून मनुष्य पुष्कळदां उठतो. दुसऱ्यांतून क्वचित् उठतो. आणखी असें कीं, ताशीं ६० च्या वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें ५५ फूट जाते. चालकानें हातांतील मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलें, तर ११० फूट वाट तो आंधळ्यासारखा चालला.

कोणी म्हणेल, गरिबाचा वाली कोण, म्हणून तो मरतो. पण रस्ता गरीब-श्रीमंत पाहत नाहीं. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं पहांटे सहाच्या सुमारास नवी मुंबईंतील नेरूळजवळ पाम बीच मार्गावर श्री. अवतार सैनी सायकलीवरून जात होते. इंटेल या प्रसिद्ध कंपनीच्या भारतांतील शाखेचे ते माजी प्रमुख. संगणकाच्या अंतर्यामीं असलेल्या सूक्ष्म यंत्राच्या रचनेंत त्यांचा मोठा भाग होता. वय ६८ वर्षें. मागून आलेल्या भाड्याच्या मोटारीनें त्यांना धडक दिली व त्यांत त्यांचा अंत झाला. चालकानें पुढें निघून जाण्याचा प्रयत्न केला आणि सायकलीचा सांगाडा मोटारीच्या पुढच्या चाकांखालीं अडकलेला होता, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. विद्या, कीर्ति, अनुभव यांपैकीं कांहींही त्यांच्या व त्या मोटारीच्या मध्यें उभें राहूं शकलें नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजीं मोटार आदळून श्री. सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी श्री. जहांगीर पंडोल यांचा मृत्यु झाला. मागच्या आसनावरील या दोघांनीं पट्टा बांधलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. मोटारींत बसणाऱ्याभोंवतीं पोलादाची भिंत असते, पट्टा असतो, हवेची उशी असते. तरी असें घडतें. मग सायकलवाल्याभोंवतीं काय आहे? अंगावरील सदरा. त्याचा कठडा एकच, आणि तो म्हणजे मागून येणाऱ्या चालकाचा विवेक. तो विवेक जागा असला तर तो घरीं पोहोंचतो.

आतां दुसरा शास्त्रपाठ पाहूं. बैलानें मनुष्याला हुंदडून मारिलें तर बैलाला मरणदंड आहे, पण मालक निर्दोष आहे. परंतु तो बैल पूर्वींपासून मारका असून मालकाला तशी ताकीद मिळाली होती आणि तरी त्यानें त्याला बांधून ठेविलें नाहीं, तर मालकही दोषी ठरतो. ‘मला ठाऊक नव्हतें’ आणि ‘मला ठाऊक होतें’ यांमधील हें अंतर देवाच्या दृष्टीनें फार मोठें आहे. ज्याच्या टेंपोचा ब्रेक नीट लागत नाहीं, ज्याच्या गाडीचा एक दिवा गेलेला आहे, जो दारू पिऊन चालवितो, जो झोंपेनें पेंगत दुसरी पाळी पुरी करितो, त्याला ताकीद मिळालेली आहे. जो मालक अशा गाडीवर अशा चालकाला पाठवितो, त्यालाही मिळालेली आहे. मारका बैल त्याच्या दाराशीं सुटा उभा आहे.

आणि हें आम्ही परक्यांस उद्देशून लिहीत नाहीं. एके काळीं आपल्या मंडळ्यांत सायकलसुद्धां थोड्यांजवळ असे. आज आपलीं मुलें रिक्षा, टेंपो व मोटारसायकली चालवितात. काल ज्याचा बाप रस्त्याच्या कडेनें भीत भीत चालत होता, त्याचा मुलगा आज कडेनें चालणाऱ्यावर कर्णा वाजवितो. ईजिप्त देशांतून सुटून आलेल्या इस्राएलांना देव वारंवार सांगत असे कीं, तुम्हीही तेथें परके होतां, हें विसरूं नका. आपणही विसरूं नये.

तिसरी गोष्ट शरणपुरांची. लांकूड तोडतांना कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटलें व शेजारी मेला, तर मारणाऱ्यानें पळावें अशी परवानगी होती. पण कोठें पळावें? अंधारांत नव्हे, तर नेमून दिलेल्या नगरांत, जेथें वडील मंडळींसमोर उभें राहून झालें तें सांगावयाचें होतें. म्हणजे देवानेंही त्याला पळूं दिलें, परंतु न्यायाकडे. न्यायापासून दूर नव्हे. ज्याच्या हातून अनवधानानें जीव गेला, त्याच्यासाठीं देवाच्या घरीं दया आहे. त्याच्यासाठीं मंडळीनें प्रार्थना करावी, त्याला टाकूं नये. परंतु जो रस्त्यावर जिवंत मनुष्य टाकून गाडी पळवितो, तो अपघातावर पाप चढवितो. देशाचा कायदाही त्याला हेंच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणें जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची खटपट करणें व पोलिसांस कळविणें हें चालकाचें कर्तव्य आहे. जमावाच्या मारहाणीचें भय असेल तर त्यानें थेट जवळच्या पोलिस ठाण्यावर जावें. तेंच त्याचें शरणपुर.

आतां यरीहोच्या वाटेवरील त्या जखमी मनुष्याकडे येऊं. त्याला पाहून याजक गेला, लेवी गेला. त्यांच्यावर आम्ही पुष्कळ उपदेश केले आहेत. परंतु आज आम्हांला कबूल केलें पाहिजे कीं, आम्हीही त्या वाटेनें गेलों आहों. कांहीं वर्षांपूर्वीं एका पावसाळी सायंकाळीं प्रार्थनासभा आटोपून आम्ही मोटारसायकलीवरून परत येत होतों. रस्त्याच्या कडेला सायकल वांकडी होऊन पडली होती, एक मनुष्य चिखलांत निजला होता आणि सभोंवतीं पंधरावीस माणसें उभीं होतीं. आम्ही वेग कमी केला, पाहिलें, आणि मनाशीं म्हटलें, एवढे लोक आहेत, कोणीतरी गाडी बोलाविलीच असेल. पुढें साक्षीला जावें लागेल, हेंही मनांत आलें. आम्ही गेलों. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, तेथें उभ्या असलेल्या प्रत्येकानें तसेंच मानिलें होतें आणि बऱ्याच वेळानें एका भाजीवालीनें कोणाकडून तरी फोन करविला. तो मनुष्य वांचला. त्यांत आमचा कांहींएक वाटा नव्हता. त्यानंतर त्या दृष्टांतावर उपदेश करावयास उभे राहिलों म्हणजे आमचा आवाज पूर्वींसारखा चढत नाहीं.

साक्षीचें तें भय आतां बाळगण्याचें कारण नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या नियमांना बळ दिलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें. सद्भावानें जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. आपलें नांव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करतां येत नाहीं. त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरांत अशा मनुष्याला दिलेलें नांव कोणतें, ठाऊक आहे? ‘चांगला शोमरोनी’! प्रभूनें सांगितलेला दृष्टांत या देशाच्या कायद्याच्या पुस्तकांत गेला. तो आपल्या पायांत उतरावयाचा राहिला, तर ती लाज कोणाची?

प्रत्येक उपदेशक बंधूनें हे आंकडे मंदिराच्या दाराशीं लिहून ठेवावे : रुग्णवाहिकेसाठीं १०८, सर्व संकटांसाठीं ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. ‘कोणीतरी केला असेल’ असें न म्हणतां स्वतः फोन करावा. धडक देणारें वाहन सांपडलें नाहीं, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख रुपये व गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची सरकारी योजना आहे. तिचा अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. आपल्या पाड्यांतील विधवेला हें कोणी सांगत नाहीं, किंवा सांगणारा दलाल अर्धें मागतो. ज्याला लिहितां येतें त्यानें तिचा अर्ज लिहून द्यावा. शोमरोन्यानें तेल व द्राक्षारस ओतला; आपण निदान शाई ओतूं या.

सायकलीवरून जाणाऱ्या बंधूंनो, तुमचाही एक कठडा तुमच्या हातीं आहे. मागें तांबडी चमकपट्टी, पुढें दिवा, घंटा आणि दोन्ही ब्रेक यांवांचून अंधारांत निघूं नका. मागच्या चिखलपट्टीला पांढरा रंग द्या. डावीकडून, रहदारीच्या दिशेनेंच, एकामागें एक चाला. वळणाऱ्या मालमोटारीच्या डाव्या बाजूस शिरूं नका. तेथें तुम्ही चालकाला दिसत नाहीं. मालमोटारीला धरून ओढून घेऊं नका. महामार्ग ओलांडतांना उतरून चाला. आणि मंडळीनें एका रविवारच्या दानांतून सर्व सायकलींना चमकपट्ट्या घ्याव्या. उपासना आटोपल्यावर तरुणांनीं मंदिराच्या आवारांत त्या लावाव्या. हीही उपासनाच होय.

शेवटीं एक शब्द प्रेतयात्रेंत बोलल्या जाणाऱ्या वाक्याविषयीं. ‘त्याची वेळ भरली होती, देवाची इच्छा’, असें आपण चटकन म्हणतों. कोणी हळूच म्हणतो, कांहीं पाप असेल. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांपेक्षां पापी नव्हतीं असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहावयास लाविलें. दुःखी घराला देवाचा आधार आहे, यांत संशय नाहीं. पण ज्या धाब्याला मनुष्यानें कठडा घातला नाहीं, त्या धाब्यावरून पडलेल्याचा दोष देवाच्या माथीं मारणें ही भक्ति नव्हे. काइनाला देवानें भावाविषयीं विचारिलें, तेव्हां त्यानें, मी काय त्याचा राखणदार आहें, असें उत्तर दिलें. बोईसरच्या रस्त्यावर रोज संध्याकाळीं तोच प्रश्न पुन्हां विचारला जातो. दोन चाकांवर घरीं चाललेला तो मनुष्य तुमचा कोण?

ज्या घरीं आज डबा घेऊन गेलेला मनुष्य परत आला नाहीं, त्या घराचें प्रभु सांत्वन करो. ज्याच्या हातून जीव गेला, त्याला तो पश्चात्ताप व क्षमा देवो. आणि ज्यांच्या हातीं आज सुकाणू आहे, त्या आपल्या मुलांच्या मनांत तो आपलें भय व शेजाऱ्याची प्रीति ठेवो, म्हणजे कडेनें चालणारा प्रत्येक जण रात्रीं आपल्या लेंकरांत पोहोंचेल. आमेन.