तक्रार नसलेलं घर

झपाटलेल्या घराच्या गोष्टी आपण बायका किती आवडीने वाचतो! दुपारची भांडी आवरली की असलं पुस्तक हातात घ्यायचं, आणि रात्री परसदाराची कडी दोनदा बघून यायची. पण काही गोष्टी शेवटाला अगदी फुसक्या निघतात. एडवर्ड बुल्वर-लिटन या इंग्रज लेखकाची ‘द हाँटेड अँड द हाँटर्स’ ही कथा तसलीच. १८५९ साली ‘ब्लॅकवूड्स’ मासिकात आली, चांगली नावाजली गेली. याच लेखकाचा मुलगा पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला. १८७७चा दिल्ली दरबार भरवला तो लॉर्ड लिटन हाच.

गोष्ट लंडनमधल्या एका घराची. भाडेकरू तीन दिवसांच्या वर टिकत नाही. सांगणारा गृहस्थ कुतूहलापोटी एक रात्र तिथं काढतो. सोबत नोकर आणि कुत्रा. रात्री नको ते सगळं होतं. नोकर किंचाळत पळून जातो, कुत्रा मान मोडून मरतो. इथपर्यंत कथा अशी की वाचताना आपणही पाय वर घेऊन बसतो. मग उलगडा होतो. एका लहानशा खोलीखाली चोरखोली सापडते. तिथं एका बशीत पाण्यासारखा द्रव, त्यावर फिरणारी होकायंत्रासारखी सुई, आणि खाली त्या घराला दिलेला शाप लिहिलेला. कुणा विलक्षण ताकदीच्या माणसाने ते मांडून ठेवलेलं. मालक ती खोली पाडतो आणि घर शांत होतं. ही कथा लांब आणि आखूड अशा दोन रूपांत मिळते. आखूड कथा संपते ती अशी, की घर चांगल्या भाड्याने गेलं आणि भाडेकरूची काही तक्रार नाही.

झालं! एवढ्या भीतीचा हिशेब शेवटी भाड्यात.

बरेच जण म्हणतात, भुताचं कारण सांगितलं की मजा जाते, म्हणून ही कथा निराश करते. मला ते पटत नाही. कारण कळल्याने कुठलीच गोष्ट लहान होत नाही. माझी निराशा वेगळी आहे. या कथेत एक सहा वर्षांचा मुलगा आहे, आणि शेवटाला लेखक त्याला विसरून जातो.

या पोराचे आईबाप गेलेले. बाप थेम्स नदीत मेलेला सापडला, गळ्यावर खुणा होत्या. पोर आलं आत्याच्या आणि तिच्या नवऱ्याच्या हवाली. पोर मेलं तर इस्टेट आत्याची, असं मृत्युपत्र. सहाएक महिन्यांत ते मेलं. डॉक्टरने बघितलं तर अन्नावाचून हाडं वर आलेली, अंगभर वळ. थंडीच्या एका रात्री ते मागच्या अंगणात रांगत गेलं होतं, भिंत चढून पळायला बघत होतं. चढवलं नाही. सकाळी फरशीवर शेवटच्या घटका मोजताना सापडलं. आत्या आणि तिचा नवरा म्हणाले, पोर हट्टी होतं, डोक्याने अर्धवट होतं. छळाचा थोडा पुरावा होता, खुनाचा नव्हता. विषय मिटला.

आणि शेजारी? शेजाऱ्यांनी नंतर साक्ष दिली, की रात्री पोराच्या किंकाळ्या ऐकू यायच्या.

‘नंतर’ हा शब्द मला त्या बशीपेक्षा भयंकर वाटतो. आपल्याकडे हिंसा तीन तऱ्हेची सांगितली आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि होत असताना मान्य केलेली. भिंतीपलीकडून रडणं ऐकून कूस बदलणारा माणूस यातल्या कुठल्या खणात बसतो? त्याने मारलं नाही, मारायला सांगितलं नाही, मनातून वाईटही वाटलं असेल. तरी त्याच्या गप्प बसण्यावरच तो मार चालू राहिला.

एक काकू मला म्हणाल्या, “अगं, पण त्या बाईला फळ मिळालंच की.” खरं आहे. नवरा समुद्रात गेला, बँक बुडाली, ती मोलकरीण झाली, शेवटी गरिबांच्या आश्रयाला राहिली आणि त्याच घराची राखण करता करता मेली. पण तिला शिक्षा होणं वेगळं आणि त्या पोराचं ऐकून घेणं वेगळं. पहिल्याने दुसरं होत नाही. कर्म ज्याचं त्याला चिकटतं, बशीला आणि भिंतीला चिकटत नाही. लेखकाने नेमकं उलटं केलं. माणसांनी केलेलं पाप उचलून वस्तूत ठेवलं, आणि वस्तू फोडून मोकळा झाला.

आपण तरी वेगळं काय करतो? घरात सून सुकत चालली, पोरगं बोलेनासं झालं, म्हातारी जेवणावरून उठून जायला लागली, की आपण वास्तुदोष काढतो. स्वयंपाकघर अग्नेयेला हलवतो, दाराची दिशा बदलतो. गवंड्याला पैसे देणं सोपं. रात्री कोण रडतं हे त्या माणसाजवळ बसून विचारणं अवघड, कारण उत्तरात आपलं नाव यायची भीती. आणि एखाद्या घराचं कौतुक आपण कसं करतो बघा: “त्यांच्याकडे कधी आवाज नाही हो!” आवाज नाही म्हणजे सुख आहे, की बोलणाऱ्याने बोलणं सोडलं आहे, हे उंबऱ्याबाहेरून कळत नाही.

कुणी म्हणेल, भुताची गोष्ट ही करमणूक, तिच्याकडे न्याय कसला मागता? पण ते पोर कथेत मी आणलं नाही, लेखकाने आणलं. भूत म्हणजे तरी काय? जिवंतपणी सांगायला जागा मिळाली नाही, ती तक्रार. भुताची गोष्ट वाचकाला शब्द देते, की दडपलेलं काहीतरी आता ऐकलं जाईल. आपल्याला घाबरवायला पोराच्या किंकाळ्या वापरायच्या आणि मग भाडं वसूल करून दार लावायचं, ही करमणुकीतलीसुद्धा लबाडी आहे.

मला फार नको होतं. पाडलेली ती खोली त्याच मागच्या अंगणावर बांधलेली होती, असं कथेतच आहे. ती पाडल्यावर फरशी उघडी पडली असणार. मालकाने, नाहीतर त्या धीट गृहस्थाने, तिथं क्षणभर उभं राहून त्या पोराची आठवण काढली असती, तर माझं समाधान झालं असतं. पण नाव घ्यायचं तरी कसं? कथेत आत्याने कुठल्या पुरुषाशी लग्न केलं ते आहे, मालकाच्या नावाचं आद्याक्षर आहे, कुत्रा कुठल्या जातीचा तेही आहे. मुलाला नावच दिलेलं नाही.