अनुभवाची मोजदाद

वादात आपली बाजू लंगडी पडू लागली म्हणजे घरातील वडील माणसे ‘आम्ही काही उन्हात केस पांढरे केले नाहीत’ असे म्हणतात, आणि बहुधा वाद तेथेच संपतो. त्यांचा अनुभव किती वर्षांचा, कोणत्या कामातला आणि त्यास पुरावा कोणता, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. विचारणारा उद्धट ठरतो. परंतु त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी परदेशी कायमची वस्ती करण्याचा अर्ज लिहावयास बसली, की नेमके हेच तीन प्रश्न पुढे येतात व त्यांचे उत्तर वर्षे, महिने आणि दिवस यांत द्यावे लागते. आमच्या ओळखीच्या घरांपैकी ज्या घरात असा अर्ज कधी लिहिला गेला नाही असे घर आता शोधावेच लागेल. म्हणून अनुभव मोजता येतो काय, आणि येत असल्यास त्या मोजणीत आपला धर्म कोणता, या प्रश्नाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम ही मोजणी कशी चालते ते पाहू. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. तेथील कुशल कामगारांच्या व्हिसासाठी वय, शिक्षण, इंग्रजीचे ज्ञान, अनुभव इत्यादींचे मिळून निदान ६५ गुण भरावे लागतात. ऑस्ट्रेलियाबाहेर केलेल्या नोकरीची तीन वर्षे भरली नाहीत तर गुण शून्य. तीन भरली की ५, पाच भरली की १०, आठ भरली की १५. त्यापुढे माणसाने जन्मभर तेच काम केले तरी गुण वाढत नाहीत. शिवाय ही वर्षे मागील दहा वर्षांतलीच असली पाहिजेत, काम आठवड्यास निदान २० तासांचे व मोबदला घेऊन केलेले असले पाहिजे, आणि ते अर्जात नमूद केलेल्या किंवा त्याच्या निकटच्या व्यवसायातले असले पाहिजे. संगणकाच्या व्यवसायातील लोकांची पारख ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी ही संस्था करते. तिच्या रीतीप्रमाणे पदवी संगणकशास्त्राची व कामाशी जुळणारी असली तरी सामान्यतः आरंभीची दोन वर्षे शिकण्याची म्हणून वजा होतात. पदवी कामाशी नीट जुळत नसली तर चार. कॅनडात एका वर्षाच्या अनुभवाचा अर्थ १,५६० तास असा ठरविला आहे, आणि आठवड्याचे तीस तासच हिशेबात घेतले जातात. कोणी रात्रीचा दिवस करून साठ तास राबला म्हणून त्याचे वर्ष सहा महिन्यांत पुरे होत नाही.

या कोष्टकाची आणखी एक गंमत आहे. अनुभवाच्या रकान्यात जो काळ गुण देतो तोच वयाच्या रकान्यात गुण काढून घेतो. ऑस्ट्रेलियाच्या गणनेत पंचविसाव्या वर्षापासून ३० गुण मिळतात. तेहतीस वर्षे पूर्ण होताच त्यांतले ५ जातात, चाळीस पूर्ण होताच आणखी १० जातात, आणि पंचेचाळीस पूर्ण होताच दारच बंद होते. आमच्या समाजात केस पांढरे होणे हा अनुभवाचा पुरावा समजला जातो. येथे तो अनुभवावर बसविलेला कर आहे.

कोणी सहृदय वाचक म्हणेल की, हा सारा खटाटोपच हास्यास्पद आहे. एखादा सुतार वर्षभरात दहा तऱ्हांची दारे घडवितो, दुसरा दहा वर्षे एकाच मापाच्या पेट्या ठोकतो. कोष्टकात दुसरा पहिल्याच्या कितीतरी पुढे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर नाही. परंतु ज्या अधिकाऱ्यापुढे हा अर्ज जातो त्याने ते दार पाहिलेले नसते, पेटीही पाहिलेली नसते. हजारो कोसांवरील अनोळखी माणसांतून निवड करावयाची तर, वर्षे मोजावयाची नसतील तर त्याने काय पाहावे?

पूर्वी काय पाहत असत, याला इतिहास साक्ष आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या कायद्याने येणाऱ्या माणसास कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालण्याची मुभा अधिकाऱ्यास होती. भाषा कोणती ते अधिकारी ठरवी. ज्याला घ्यावयाचे नाही त्याला न येणारी भाषा निवडली म्हणजे काम झाले. ती परीक्षा पाहावयाची होती फक्त कातडीचा रंग, आणि ती १९५८ पर्यंत टिकली. कॅनडाने १९०८ मध्ये असा नियम केला की, मायदेशातून न थांबता थेट प्रवास करून येईल त्यासच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून अशी थेट आगबोट मिळणे दुरापास्त होते, आणि नियमाचा हेतूही तोच होता. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ या बोटीने ३७६ हिंदी उतारू व्हँकूवरच्या बंदरात गेले. त्यांतील बहुतेक शीख होते. दोन महिने बोट बंदरात अडकून राहिली, आणि थोडे लोक वगळता बाकीच्यांस परत फिरावे लागले. त्यांच्यापैकी कोण शेतीत निष्णात होता, कोण लोहारकामात, हे कोणी विचारले नाही. पुढे कॅनडाने १९६७ मध्ये गुणांचे कोष्टक आणले. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये वर्णाचा विचार सोडून दिला व १९७९ मध्ये गुणपद्धती स्वीकारली. आज आमच्या मुलांस छळणारे हे कोष्टक रूक्ष आहे, पण ते आधी जाहीर झालेले आहे आणि सर्वांस सारखे आहे. त्याला डोळे नाहीत हा त्याचा दोष खरा. पण ज्याला डोळे होते त्याने काय केले ते आपण पाहिलेच आहे.

तरीही ही मोजणी कशाची, हे नीट समजून घेतले पाहिजे. घरच्या छापखान्यात बिनपगारी राबलेला धाकटा मुलगा, सासूच्या आजारपणात चार वर्षे नोकरी सोडून बसलेली सून, ज्याची कंपनी बुडाली व कागदपत्रे तिच्याबरोबर गेली असा कारागीर, आणि ज्याचे वरिष्ठाशी बिनसले म्हणून ज्याला पत्र मिळत नाही असा नोकर, या चौघांजवळ अनुभव आहे. कोष्टकात मात्र त्यांना रकाना मिळत नाही किंवा मिळाला तर भरता येत नाही. पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, बँकेचे पान आणि वरिष्ठाचे पत्र यांतून जेवढे दिसते तेवढेच मोजले जाते. म्हणजे खरे पाहता तेथे मोजली जाते ती साक्ष. आणि साक्ष म्हटली की प्रश्न अर्जदारापुरता राहत नाही. जो साक्षी आहे त्याच्यापर्यंत तो येऊन पोहोचतो.

तो आमच्यापर्यंत कसा आला ते सांगतो. आम्ही निवृत्त होण्यापूर्वी एका लहानशा कंपनीत काही माणसांवर देखरेख करीत होतो. त्यांतील एक तरुण मध्यंतरी रविवारी सकाळी घरी आला. पूर्वी तो खाजगी क्लासात शिकवीत असे. सत्ताविसाव्या वर्षी आमच्या हाताखाली लागला. आता नोकरीस नुकतीच पाच वर्षे पुरी झाली होती. त्यांतून शिकण्याची दोन वर्षे वजा जाता तीन उरतात व ५ गुण मिळतात, असा त्याचा हिशेब. अडचण एवढीच की, पहिले आठ महिने तो कागदोपत्री ‘शिकाऊ’ होता. कंपनी रुजू झाल्याची तारीख व हुद्दा यापलीकडे काही लिहून देत नाही. म्हणून प्रत्यक्ष कामाचे वर्णन करणारे प्रतिज्ञापत्र त्या वेळचे वरिष्ठ या नात्याने आम्ही करावे, आणि त्यात तो पहिल्या दिवसापासून स्वतंत्रपणे इंजिनिअरचे काम करीत होता असे लिहावे, ही त्याची विनंती होती. चार महिन्यांनी त्याला तेहतीस वर्षे पुरी होणार होती.

आम्ही आठवून पाहिले. पहिले पाच महिने तो इतरांच्या शेजारी बसून चाचण्यांच्या नोंदी उतरवून घेत होता. मग एक जुना माणूस सोडून गेला आणि त्याचे सारे काम या मुलाने एकट्याने उचलले. ते तीन महिने तो नावाचाच शिकाऊ होता. पगारवाढीचा विचार एप्रिलमध्ये व्हावयाचा असल्यामुळे आम्ही त्याचा हुद्दा तोवर बदलला नाही. त्यात कंपनीचे चार पैसे वाचले, आणि आम्हांस वरच्यांशी वाद घालावा लागला नाही. ऑस्ट्रेलियाचे नियम हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहतात. तेव्हा ते तीन महिने आम्ही सत्याला धरून लिहू शकत होतो, पहिले पाच नव्हे. आणि ते पाच गाळले म्हणजे तीन वर्षे भरावयास पाच महिने उरत होते. वाढदिवस मात्र चार महिन्यांवर होता. इकडे पाच गुण मिळण्यापूर्वी एक महिना आधीच तिकडचे पाच जाणार होते.

हे त्याला सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, तेव्हा तुम्ही माझे तीन महिने कमी लिहिलेत. आता पाच जास्त लिहिलेत, तर बिघडले कुठे? हिशेब फिटेल.’

हे बोलणे आम्हांस लागले, कारण त्याचा पहिला भाग खरा होता. कोणी सांगितले असते की सरकारला काय कळणार, तर उत्तर सोपे होते. सगळेच असे करतात, हेही ऐकून सोडून देता आले असते. दंडाचे भयही दाखविता येते: खोटा कागद सापडला तर ऑस्ट्रेलिया तीन वर्षे दार बंद करते, कॅनडा पाच वर्षे. पण भीती म्हणजे नीती नव्हे; उद्या पकडले जाण्याची शक्यता नाहीशी झाली तर भीतीबरोबर ती नीतीही नाहीशी होईल. आम्ही त्याचे देणे लागत होतो, ही गोष्ट निर्विवाद होती. प्रश्न एवढाच होता की ते देणे फेडावयाचे कोणाच्या पैशाने?

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. जागा मोजक्या असतात आणि बोलावणी गुणांच्या उतरत्या क्रमाने निघतात. आम्ही बहाल केलेल्या पाच महिन्यांनी ऑस्ट्रेलियाच्या सरकारचे काहीच गेले नसते. त्याला एक माणूस हवा होता, तो मिळालाच असता. जाणार होते ते रांगेत मागे ढकलल्या जाणाऱ्या एका अनोळखी माणसाचे. तो कदाचित नागपूरचा असेल, कदाचित मनिलाचा. त्याच्याही वरिष्ठाने त्याचे महिने कमी लिहिले असतील, आणि त्याने ते निमूटपणे तसेच अर्जात भरले असतील. त्याचा चेहरा आम्हांस दिसत नाही, आणि समोर बसलेल्या मुलाचा दिसतो, एवढाच काय तो फरक. चेहरा पाहून निवाडा करणाऱ्यांस आम्ही वर दोष दिला. मग समोरच्या चेहऱ्याकडे पाहून आपण स्वतः लेखणी वळविली, तर आपला न्याय त्यांच्याहून वेगळा कसा? स्वतःचे ऋण दुसऱ्याच्या थैलीतून फेडण्यास औदार्य म्हणत नाहीत.

म्हणून आम्ही जे घडले ते महिनावार लिहिले. पाच महिने शिकणे, तीन महिने पूर्ण जबाबदारीचे काम, आणि त्या तीन महिन्यांत हुद्दा न बदलण्याचे कारण आमची दिरंगाई, हेही लिहिले. स्वतःविरुद्धचे ते वाक्य लिहिताना लेखणी अडखळली, हे कबूल केले पाहिजे. मुलाने पत्र दोनदा वाचले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘हे तरी लिहिलेत.’ मग नेहमीसारखा नमस्कार करून तो गेला. त्याला बोलावणे आले किंवा कसे, हे सांगून या लेखाचा शेवट गोड करण्याचा मोह आम्ही टाळतो. पत्र योग्य होते की नव्हते हे त्यावरून ठरत नाही.

या प्रसंगाने आम्हांस शिकविले ते वरिष्ठांच्या उपयोगी पडावे. खोटी साक्ष देऊ नये, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु खरी साक्ष वेळेवर देणे हेही कर्तव्य आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते. माणूस नोकरीत असतानाच त्याने काय काम केले, केव्हापासून केले, हे नीट लिहून ठेवण्यास कोणाचा खर्च होत नाही. राग धरून पत्र अडविणारा, आळसाने नुसत्या तारखा लिहून देणारा आणि सोयीसाठी हुद्दा दाबून ठेवणारा, हे तिघेही दुसऱ्याच्या आयुष्यातले महिने चोरतात. आणि मग तोच माणूस पुढे खोट्या पत्राची याचना करीत आला म्हणजे आम्ही त्याला नीतीचे धडे देतो!

घरच्या वडिलांसही एक विनंती आहे. परदेशच्या कोष्टकाने ज्या वर्षांस शून्य गुण दिले ती वर्षे आपणही शून्य लेखू नयेत. आजारी सासूच्या उशाशी बसलेल्या सुनेची चार वर्षे कोणत्याही अर्जात भरता येणार नाहीत. पण ज्यांनी ती पाहिली आहेत त्या घरच्यांची साक्ष अजून व्हावयाची आहे, आणि तिला कोणाच्या शिक्क्याची आवश्यकता नाही. ती कागदावर नको. तिच्यापाशी बोलून दाखविली तरी पुरे.