मीटर, नागार्जुन आणि डांबराचा थेंब

मळी, वितळलेले बिटुमेन, गरम गोंद असले दाट पदार्थ नळीतून मिनिटाला चमचाभर जात असतील, तर ते मोजायचे कसे? पाण्यासाठी छान चालणारे टर्बाइन मीटर इथे हात टेकते. पाती द्रवात रुतल्यासारखी फिरतात आणि त्यांच्या फेऱ्यांचा प्रवाहाशी मेळ बसत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी ओव्हल गिअर मीटर बसवतात. बंद डबीत दोन लंबगोल दातेरी चाके एकमेकांत अडकलेली असतात. द्रव त्यांना फिरवतो, आणि चाक व भिंत यांच्यातल्या चंद्रकोरीत अडकलेले ठरावीक माप दर वेळी पलीकडे सोडले जाते. चाकातले चुंबक सेन्सरसमोरून गेले की एक पल्स. दाटपणा इथे चक्क फायद्याचा ठरतो: पातळ द्रव फटीतून न मोजता निसटतो, दाट द्रवाला ते सहज जमत नाही. दाब तेवढा जास्त द्यावा लागतो.

आता समजा, एका पल्सला अर्धा मिलिलिटर आणि प्रवाह मिनिटाला एक मिलिलिटर. म्हणजे दर ३० सेकंदांनी एक पल्स. मधल्या पंधराव्या सेकंदाला ऑपरेटरने पडद्याकडे पाहिले, तर तिथला आकडा कशाचा? मागच्या दोन पल्समधल्या काळाचा. या घडीला किती वाहते आहे, ते मीटरला माहीतच नाही. जे वाहून गेले त्याचा हिशेब त्याच्याकडे आहे, पुढच्याचा अंदाज आहे, आणि या दोहोंमध्ये जे ‘वाहत असणे’ म्हणायचे, त्याचा पत्ता नाही.

सुमारे दुसऱ्या शतकातल्या नागार्जुनाला हा पडदा ओळखीचा वाटला असता. मूलमध्यमककारिकेचे दुसरे प्रकरण त्याने गतीच्या परीक्षेलाच दिले आहे. चालून झालेल्या वाटेवर आता चालणे नाही, न चाललेल्या वाटेवर अजून चालणे नाही, आणि या दोन्ही सोडून तिसरी, चालली जात असलेली वाट वेगळी काढून दाखवता येत नाही. कोणी कुठे जातच नाही, असे त्याला म्हणायचे नव्हते. चालणारा आणि चालणे एकमेकांवाचून उभे राहत नाहीत, गती ही स्वतःच्या बळावर असलेली वस्तू नाही, एवढेच त्याला दाखवायचे होते.

यावर गणिताकडे तयार उत्तर आहे. काळाचा तुकडा लहान लहान करत न्या. सरासरी वेग ज्या किमतीकडे सरकतो, तो त्या क्षणाचा वेग. कागदावर हे निर्दोष आहे. मीटरवर करून पाहिले की पंचाईत होते. मोजणीची खिडकी ३० सेकंदांवरून एका सेकंदावर आणली, तर बहुतेक वेळा एकही पल्स सापडत नाही आणि पडदा शून्य दाखवतो. सापडलीच, तर त्या सेकंदापुरता प्रवाह मिनिटाला ३० मिलिलिटर होतो. दोन्ही आकडे खोटे. म्हणून इंस्ट्रुमेंटवाले खिडकी मोठी ठेवतात, किंवा सरळ भांडे तराजूवर ठेवून स्टॉपवॉच लावतात. थोडक्यात, वाट पाहतात.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात याचा वेगळा निवाडा आहे. परमाणू एक जागा सोडून लगतच्या जागी पोचतो, तेवढा काळ म्हणजे क्षण. क्षण खरा, तास, दिवस हे क्षणांचे बुद्धीने बांधलेले गाठोडे. मीटर नेमके उलटे बोलते: गाठोडे मोजून हाती लागते, क्षण मात्र बुद्धीने कल्पावा लागतो. इथे मीटरच्या बाजूने उभे राहावेसे वाटते. पण चाके दोन पल्सच्या मध्येही फिरत असतात, हे विसरून चालणार नाही. मोजता आले नाही म्हणजे घडले नाही, असे म्हणणे फार स्वस्त आहे.

या वादाचा सगळ्यांत संथ साक्षीदार ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात आहे. १९२७ साली थॉमस पार्नेल यांनी डांबराचाच भाऊबंद असलेला पिच तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतला आणि १९३० साली नरसाळ्याची दांडी कापली. हातोडी मारली तर काचेसारखा फुटणारा हा पदार्थ. पहिला थेंब पडला १९३८ साली. १९६१ पासून प्रयोग सांभाळणारे जॉन मेनस्टोन १९८८ मध्ये काही खायला-प्यायला म्हणून बाहेर गेले आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० साली थेंब पडला तेव्हा वेबकॅमने दगा दिला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन वारले, एकही थेंब पडताना न बघता. त्याच्या आदल्याच महिन्यात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या तशाच प्रयोगात थेंब कॅमेऱ्यात पकडला गेला होता.

मेनस्टोन यांच्याबद्दल हळहळणारे एक गोष्ट विसरतात. ज्याची ते वाट पाहत होते, ते वाहणे नव्हतेच. ते तुटणे होते. वाहणे त्यांच्यासमोर पन्नास वर्षे अखंड चालू होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये तर नववा थेंब खालच्या आठव्याला आधीच टेकला होता. चंचुपात्र बदलताना तळ हलला आणि तो तुटला. मग तो ‘पडला’ म्हणायचा की ‘पाडला’?

पदार्थांच्या वाहण्याचा अभ्यास करणारे मार्कुस राइनर यांना अशा प्रश्नांची धार्मिक बाजू दिसली. १९६४ साली त्यांनी मांडलेल्या डेबोरा अंकाला बायबलमधल्या संदेष्टीचे नाव आहे, कारण तिच्या गीतात देवासमोर पर्वत वाहतात. माणसाच्या आयुष्यात स्थिर असलेला डोंगर, ज्याला काळाची मर्यादा नाही त्याच्यासमोर द्रवच. पदार्थ सैलावायला लागणारा काळ भागिले पाहणाऱ्याचा काळ, एवढाच हा अंक. म्हणजे घन की द्रव, याचे उत्तर देताना कोण किती वेळ थांबला, हेही सांगावे लागते.

क्वीन्सलँडच्या पिचचा दाटपणा १९८४ साली प्रसिद्ध झाला: पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट. तो काढताना थेंब तुटण्याचा क्षण कोणी पाहिला की नाही, याची गरज पडली नाही. दांडीची लांबी-रुंदी, एकूण किती पिच खाली आला आणि त्याला किती वर्षे लागली, अशा मापांवर भागले.